रत्नागिरीतील प्रेक्षणीय नळ

पर्यटनाने माणसाची दृष्टी विशाल होते, हे सर्वमान्य आहे. मात्र विशाल होण्यापूर्वी ती आधी लॉजच्या बाथरूममध्ये जाते, याची दखल जाणकारांनी अजून घेतलेली नाही.

लातूरच्या एका कॉलनीतली दोन निवृत्त जोडपी रत्नागिरीला गेली. त्यांपैकी मंजुश्रीबाई भूगोलाच्या शिक्षिका. नोकरीभर त्यांनी निळ्या खडूने फळ्यावर अरबी समुद्र काढला आणि तास संपला की पुसला. प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. पाण्यात पाय बुडवून सूर्य मावळताना बघायचा, एवढीच त्यांची मागणी होती आणि ती सहलीच्या नियोजनात तत्त्वतः मंजूर झाली होती. नियोजन यजमानांचे, म्हणजे उद्धवरावांचे. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सोबत शेजारचे संगप्पा आणि त्यांच्या पत्नी सिंधुताई.

यांच्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते. कोणत्या वारी, ते पाण्यालाच ठाऊक. त्यामुळे तिथे एकच अलिखित कायदा आहे: पाणी चालू असताना जागा सोडायची नाही. लग्न, बारसे, मयत, काहीही असो, घरातले एक माणूस नळापाशी राहते. (या कायद्यापायी संगप्पा सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला मुकले. सासरी त्यांचा मान वाढला.)

लॉजवर पोचताच उद्धवरावांनी नळ सोडून पाहिला. पाणी आले. किती वेळ राहील, असे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाला, चोवीस तास. उद्धवरावांनी ते मनावर घेतले नाही. नोकरीत असताना त्यांनीही गावोगाव हेच सांगितले होते.

मग शहरदर्शन सुरू झाले. थिबा राजवाड्यासाठी राखलेल्या वेळात बादल्या, तांबे, रिकाम्या बाटल्या आणि कचऱ्याचा डबा (आधी घासून) भरून घेण्यात आला. रत्नदुर्गाच्या वेळात सिंधुताईंनी घरून आणलेल्या चादरी धुतल्या. (सहलीला चादरी धुवायला का आणाव्यात, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्याकडे रोज पाणी येते.) मत्स्यालयाला संगप्पा एकटेच गेले आणि अर्ध्यातूनच परतले. दर माशामागे सोडलेले पाणी त्यांना बघवले नव्हते. प्रत्येकाने दिवसाला सरासरी चार अंघोळी केल्या, पैकी एक गरजेची होती.

समुद्र कार्यक्रमात खाली खाली सरकत गेला. मंजुश्रीबाईंनी आठवण दिली की उद्धवराव तांत्रिक बाजू समजावून सांगत. धरणाच्या तळाचे जे पाणी वापरता येत नाही, त्याला मृत साठा म्हणतात. समुद्र म्हणजे शंभर टक्के मृत साठा. तो पिता येत नाही, शेताला सोडता येत नाही. मग बघायचे काय?

शेवटची संध्याकाळ उजाडली, म्हणजे कलली. पहाटे लातूरहून आणलेली भाड्याची गाडी निघणार होती. मंजुश्रीबाईंनी चपला घातल्या.

"कुठं निघालीस? नळ चालूय."

"चालू द्या की."

सिंधुताईंच्या हातातला पिळा तसाच राहिला. कॉलनीच्या इतिहासात हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते.

"वहिनी, जरा दमानं," संगप्पा म्हणाले. "वरची टाकी संपली तर?"

"तुम्ही तिघं हायत की बघायला."

रिक्षा करून त्या भाट्याच्या किनाऱ्यावर गेल्या आणि साडी घोट्याच्या वर धरून उभ्या राहिल्या. पाणी आले, पाय भिजवून गेले, पुन्हा आले. हे खडूने दाखवायची सोय नव्हती. सूर्य रीतसर मावळला. मागणी पूर्ण झाली. बाई तरीही निघेनात.

अंधार पडल्यावर तिघे शोधत आले (नळ व्यवस्थापकाच्या स्वाधीन करून).

"मंजू, काय करायलीस इथं? झालं न्हवं बघून?"

बाईंनी मान वळवली नाही.

"येते. पाणी चालूय. बंद झालं की येते."

उद्धवरावांनी समुद्राकडे पाहिले. हयात खात्यात गेल्यामुळे हे कधी बंद होते, ते आपल्याला ठाऊक असायला हवे, असे त्यांना वाटले; पण ठाऊक नव्हते. पाणी चालू होते, यात वाद नव्हता. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. सिंधुताई केव्हाच पुढे गेल्या होत्या.

पहाटेची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली. ड्रायव्हरला कारण सांगण्यात आले की पाणी चालू होते. तो लातूरचाच असल्याने त्याने पुढे काही विचारले नाही.

किनाऱ्यावरची इतर मंडळी मात्र या चौघांकडे बघून हसली. तुम्हीही हसला असाल. त्यात गैर काही नाही. समुद्राकडे पाठ करायची, फोटो काढायचा की लगेच निघता येते, हे त्या चौघांना कोणी सांगितलेच नव्हते.