गौरवीच्या मोबाइलचा कौल

"मॅडम, तुम्ही अकरावीला शाखा कशी निवडली?"

हे विचारायची पैज हर्षा आणि साईशने लावली होती, आणि गौरवी पैज सोडणारी नव्हती. पणजीहून आलेल्या मॅडम क्षणभर खडूसारख्या पांढऱ्या पडल्या.

"माझ्या बाबांनी निवडली," त्या म्हणाल्या.

दहावीचा अख्खा वर्ग गार. कारण इब्रामपूरच्या निम्म्या घरांत हेच चाललं होतं. गौरवीच्या बाबांनी तर मुरगावच्या गोदीतल्या मामाला फोन करून सांगूनही टाकलं होतं, पोरगी सायन्सला जाणार. पोरीला कोणी विचारलं नव्हतं. अर्ज भरायला आठ दिवस उरले होते.

मॅडम आल्या होत्या शाळेच्या ॲपसाठी. त्यात नुसत्या सूचना येत. विद्यार्थ्यांच्या उपयोगाची एखादी नवी सोय विद्यार्थ्यांनीच सुचवायची होती. "आधी खऱ्यासारखा दिसणारा नमुना करा," मॅडम म्हणाल्या. "पाच जणांच्या हातात द्या आणि बघत बसा. समजावायचं नाही, मदत करायची नाही, तोंड उघडायचं नाही. फक्त लिहायचं."

गौरवीला त्याच क्षणी सुचलं. शाखा ठरत नसेल तर कौल! देवळात लावतात तसाच. शाखेचं नाव घ्यायचं, बटण दाबायचं, घंटा वाजणार, काळ्या दगडावर चिकटवलेली पिटकोळीच्या फुलाची कळी तीन सेकंद थरथरणार आणि पडणार. उजवीकडे पडली तर घ्या, डावीकडे पडली तर सोडा. देवाची मूर्ती तिने मुद्दाम काढली नाही. दगड मात्र असा जमला की आईने मोबाइल बघून चपला बाजूला काढल्या.

उजवीकडे पडणारी कळी काढण्यातच शनिवार संपला. डावीकडे पडणारी राहिली. नमुनाच तर आहे, कोणाला कळतंय!

रविवारी ती देवळाच्या मंडपात वही घेऊन बसली, कारण भजनाच्या तालमीला पोरं तिथेच जमत. प्रथमेशला उजवी पडली. हर्षाला उजवी. साईशला उजवी. साईश इतका भारावला की त्याने खिशातला पेढा मोबाइलसमोर ठेवला. नेमक्या त्याच दिवशी भटजी लग्न लावायला सावंतवाडीला गेले होते, आणि कौल लावायला आलेली मंडळी पायरीवर ताटकळत होती.

"गे बाय, हयसर कौल लागता?" यशोदाकाकी वाकून बघत म्हणाल्या.

तोंड उघडायचं नाही. गौरवीने वहीत लिहिलं, 'वय साठ. चष्मा विसरली.'

"सुनेक इमानतळार कामाक धाडू?" काकींनी हात जोडून बटण दाबलं. घंटा वाजली. कळी थरथरली. उजवी! काकींच्या डोळ्यांत पाणीच आलं. अर्ध्या तासात रांग नारळाच्या झाडापर्यंत गेली. गौरवी थक्क होऊन बघत होती. तिच्या हातच्या चित्रापुढे माणसं श्वास रोखून उभी राहत होती, आणि त्या तीन सेकंदांत प्रत्येकाचा चेहरा उघड्या खिडकीसारखा होत होता.

मग सगुणकाका आले. "यंदाची चवथ माझ्या घरी करू?" उजवी. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे धाकटे भाऊ श्रीनाथ. "यंदाची चवथ माझ्या घरी करू?" उजवी. दोघे गणपती कोणाच्या घरी बसणार यावरून दोन वर्षं बोलत नव्हते. आता बोलायला लागले, आणि तेही सगळ्या गावाला ऐकू येईल असं.

त्या गोंधळात रांगेतून पुढे आले ते बाबा.

"तू कान बंद कर," ते म्हणाले.

तिने बोटं घातली. पण तपासणी करणाऱ्याची बोटं कानात पुरती जात नाहीत.

"पोरीक सायन्साक घालू?" बाबांनी हळूच विचारलं.

 गौरवीने बोलावं तर नियम मोडतो, गप्प बसावं तर जन्म जातो. घंटा वाजली. कळी थरथरली. बाबा दगडाकडे बघत होते, आणि त्यांची मान नकळत डावीकडे कलत होती. डावीकडे! कळी उजवीकडे पडली, तसा बाबांचा चेहरा ओल्या टॉवेलासारखा खाली लोंबला.

"बरां," ते म्हणाले. "देवाची इच्छा."

तेवढ्यात श्रीनाथकाकांनी मोबाइल हिसकावला. सात वेळा दाबला. सात वेळा उजवी.

"काका," हर्षाला राहवेना, "हिची डावी कळी करायचीच राहिलीय वाटतं."

सगुणकाकांच्या हातातला नारळ खाली पडला.

"मगे माझो कौल?" यशोदाकाकी म्हणाल्या. मग स्वतःच हात झटकला. "जांव दी. सुनेक फोन केलंय, ती नाचताहा थंय."

भावांनी मात्र गौरवीला सोडलं नाही. दोन्ही घरी जाऊन माफी मागताना दोन्हीकडे चहा प्यावा लागला. ती परतली तेव्हा आई-बाबा ओट्यावर बसले होते. बाबा तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

"बाबा, मान डावीकडे का वळत होती?"

"तुझे कान बंद होते ना?"

"डोळे उघडे होते."

 बाबा पुटपुटले, "मामाक सांगून बसलंय गे. आता फिरू कसो?"

आईने सुपातले तांदूळ पाखडायचं थांबवलं. गौरवी दोघांसमोर उभी राहिली, वही छातीशी धरून.

"मी आर्ट्स घेणार. मानसशास्त्र. ठरलं. आणि मामांसाठी सायन्स कोणीतरी घ्यायलाच हवं असेल तर बाबांनी घ्यावं, कौल त्यांना मिळालाय."