कानबाईच्या चौरंगाचे पाय

निवृत्त झाल्यावर हिंमतरावांनी लाकूड कातायचं मशीन घेतलं आणि प्रकाशा गावातल्या एकाही मोडक्या वस्तूला सुखानं मरता येईना. खाटेचे पाय, खिडकीच्या चौकटी, वखराचा दांडा, जे दिसेल ते मशीनवर चढे आणि फुलदाणी होऊन उतरे. तिच्यात पाणी ओतलं की बुडातून गळे, पण असल्या क्षुल्लक बाबींशी कलावंताला काय कर्तव्य? माळ्यावरच्या पोत्यात चार जाडजूड सागवानी तुकडे सापडले, तेव्हा तर त्यांना हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. त्यांच्या चार फुलदाण्या झाल्या. तीन त्यांनी भाऊबंदांच्या गळ्यात मारल्या, चौथी टीव्हीशेजारी ठेवली.

श्रावण आला. यंदा भावकीची कानबाई देवी त्यांच्याच घरी बसणार होती, अख्खी भावकी तिच्या प्रसादाचे रोट खायला येणार होती. आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी तापीबाईंनी माळ्यावरून देवीचा चौरंग उतरवला. हाती आली ती नुसती फळी.

"चौरंगना पाय कोठे गयात? मी सोडीसन पोतामा बांधी ठेयेल व्हतात!"

हिंमतरावांची नजर टीव्हीशेजारी गेली. तिच्या मागोमाग तापीबाईंचीही गेली.

"कानबाईना पाय काती टाकात तुम्ही? आते देवीले कोठे बसाडू, तुम्हना डोकावर?"

हे भावकीला कळलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हिंमतराव चपला अडकवून फुलदाण्या गोळा करायला निघाले.

पुतण्या भाग्येशच्या अंगणात फुलदाणी जमिनीत ठोकलेली होती आणि तिला शेळी बांधली होती.

"प्रदर्शनमा ठेवनी शे मन्ही फुलदानी," हिंमतरावांनी थाप मारली.

"मंग बकरीबी लई जा काका," भाग्येश म्हणाला.

दुसरी एका चुलतभावाच्या कूलरखाली टेकू म्हणून सापडली. तिसरीनं थोरल्या वहिनी नर्मदाबाई मिरच्या कुटत होत्या.

"लई जा भाऊ. धड मिरचीबी कुटास नही यानावरी."

हिंमतरावांना देवीच्या कोपापेक्षा हेच जास्त झोंबलं. घरी येऊन त्यांनी चारही नग पुन्हा मशीनवर चढवले. शेळीचे दात आणि मिरचीचा ठसका जाईपर्यंत शिंकत शिंकत तासले, सारखे केले, पॉलिश मारून फळीला ठोकले. चौरंग बुटका झाला, पण उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. दुसऱ्याच्या घरातल्या कशालाही आजवर बरं न म्हटलेल्या नर्मदाबाई देवीपुढे वाकल्या आणि तशाच थबकल्या. त्यांनी चौरंगाच्या पायांवरून हात फिरवला.

"माय वं! काय भारी पाय शेत! कोठून आना चौरंग?"

बाकीच्या बायकाही वाकून पाहू लागल्या. हिंमतरावांची छाती फुगली. त्यांच्या कलेला जन्मात पहिल्यांदा दाद मिळत होती. ते तोंड उघडणार, तोच तापीबाईंनी रोटाचं ताट त्यांच्यापुढे दाणकन आदळलं. आपण कातले म्हणावं, तर लाकूड कुठलं हे सांगावं लागणार आणि देवीपर्यंत शेळी येऊन पोहोचणार.

"शहादाथीन," हिंमतराव कसनुसं म्हणाले, "इकत आना."

"तरीच! कारागीरना हात शे हाऊ," नर्मदाबाई म्हणाल्या. "भाऊ, एखादा दिन तेना हातखाले बसीसन शिकी ल्या ना!"

"शिकस ना वैनी," हिंमतराव म्हणाले आणि त्यांनी रोटाचा भलामोठा घास तोंडात कोंबला.