आधी दात दाखवा

आमच्या सोसायटीतले सबनीसकाका कुणालाही ‘काय, कसं काय?’ असं विचारत नाहीत. ते म्हणतात, ‘आ करा.’ लिफ्टमध्ये, जिन्यात, आरतीनंतर प्रसाद वाटताना. आपण नकळत आ करतो आणि काका मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावतात. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलालाच आ करायला लावलं. सासरच्यांना वाटलं, आमच्याकडची रीतच असावी.

काका मनमाडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडला, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. दर सहा महिन्यांनी ते सोसायटीतली पोरं रिक्षात कोंबून दातांच्या डॉक्टरकडे फ्लोराइड लावायला नेतात. दातांवर तो चिकट लेप लावला की थोडा वेळ काही खायचं नसतं. तेवढा वेळ काका पोरांना पाणीपुरीच्या गाडीकडे पाठ करून फुटपाथवर उभं करतात. कुणी कुरकुरलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘सिग्नल पडला तर पुन्हा उठतो. दात पडला की पडला!’

काकू मात्र कधी दिसल्या नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेलं तरी दाराच्या फटीतून ‘बरं नाही’ एवढंच. आम्ही त्यांना शिष्ट ठरवून मोकळे झालो.

मग आमच्या दादाच्या जिभेवरच्या जखमेचा रिपोर्ट आला. कॅन्सर. ऑपरेशन झालं, पुढे रेडिएशनचे शेक ठरले. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. अशात काका आले आणि दादाच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, ‘शेक सुरू व्हायच्या आधी दात दाखवले का?’

माझं डोकंच फिरलं. ‘काका, इथं माणूस हाती लागतो की नाही याचा घोर लागलाय. दातांचं काय घेऊन बसलात?’

काका उशापासून उठले. मग म्हणाले, ‘मीही अगदी हेच म्हणालो होतो. जरा वर चल माझ्याबरोबर.’

वरच्या घरात काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी पदर तोंडावर ओढला.

‘हिलाही शेक दिले होते,’ काका म्हणाले. ‘घशाला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, आधी दात दाखवा, रोज फ्लोराइड लावा. मी म्हटलं, जीव वाचू दे, दातांचं नंतर बघू. शेकांनी तोंडातली लाळच आटली. दीड वर्षात सगळे दात खडूसारखे झडले. आता कवळी घातली तर हिरड्या सोलवटतात.’

पदराआडून काकू म्हणाल्या, ‘यांना किती वेळा सांगितलं, जगले ना मी? पण ऐकत नाहीत.’

दुसऱ्याच दिवशी काका दादाला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. एक किडलेली दाढ काढली, बाकीच्या दातांना लेप लावला आणि दातांच्या मापाचे साचे करून दिले. त्यात फ्लोराइडचं जेल भरून दादानं रोज दातांवर बसवायचे. शेक चालू होते तेव्हा दादा चिडायचा, रडायचा, साचे भिरकावून द्यायचा. काका ते उचलायचे, धुवायचे, पुन्हा भरून समोर धरायचे. एकदा दादा त्यांच्या अंगावर ओरडला. काका म्हणाले, ‘ओरड बाबा. पण आधी हे घाल.’

शेक संपून आता वर्ष होईल. दादाची चव अजून आलेली नाही, घासाघासाला पाणी लागतं, वजनही भरत नाही. दात तेवढे जागेवर आहेत. परवा त्यानं पहिल्यांदा काकडीची फोड दातांनी तोडली. कर्रकन आवाज झाला.

काका समोरच बसले होते. दादानं अख्खी फोड संपवेपर्यंत नुसते ऐकत राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

‘जातो,’ म्हणाले. ‘तिचा भात लावायचाय. फार मऊ शिजवावा लागतो.’