एक घंटी, दोन घंट्या

आमच्या शेजारचे गुलाबराव दोन घंट्या वाजल्याशिवाय जागचे हलत नाहीत. आंघोळीला जायचं असो की ताटावरून उठायचं असो, सुमनवहिनींना अंगणातल्या दोरीला बांधलेली बैलाच्या गळ्यातली घंटी दोनदा वाजवावी लागते. चुकून एकदाच वाजली तर माणूस होता तिथे उभा. सगळा जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेला. तिथे एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. रिटायर झाले तरी कायदा तोच.

मी त्यांचं कौतुक करायला बसलेलो नाही. आमचं जुनं भांडण आहे. आज सोनाळ्यात माझा भाजीचा ठोक धंदा आहे, दारात माझ्या नावाच्या गाड्या उभ्या असतात. पण सुरुवात झाली ती वांग्याच्या एका टोपलीवर. ती टोपली घेऊन मी वरवटच्या बाजाराला निघालो होतो. गाडीत गुलाबराव कंडक्टर.

"टोपलीचं लगेज काढ."

"मांडीवर घेतो ना भाऊ. मांडीवरचं लेकरू फुकट जाते, मंग टोपली काऊन नाही?"

"लेकराले देठ नसते बे."

अख्खी गाडी हसली. माझं डोकं फिरलं. मी लगेजचा भाव पाडायला लागलो, ते तसूभर हलेनात. मी आवाज चढवला आणि त्यांनी एक घंटी मारली. फाट्यावर मी आणि माझी टोपली खाली. दोन घंट्या, गाडी गेली. मी टोपली डोक्यावर घेऊन शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं वरवट गाठलं. मागे फाट्यावर कुठलीशी दुसरी गाडी उभी राहून कितीतरी वेळ हॉर्न वाजवत होती. तीही मला चिडवते आहे असं वाटून मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वांगी विकली गेली, पण ती हसलेली गाडी माझ्या डोक्यातून उतरली नाही. पुढे या माणसानं घर बांधलं तेही नेमकं माझ्या भिंतीला लागून.

त्यांना लकवा मारला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. डावा हात, डावा पाय गेला. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय शिकवायला फिजिओथेरपीच्या एक मॅडम येऊ लागल्या. वयानं लहान, पण खमक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीला आडवा पाइप ठोकून घेतला आणि म्हणाल्या, "काका, हा धरून उभं राहायचं."

"मी नाही धरत."

"का?"

"बाई, चालत्या गाडीत दोन्ही हातानं तिकीट फाडलं मी. कंडक्टरनं दांडा धरला तं प्याशिंजरनं काय धराव?"

एवढं बोलून त्यांनी मॅडमचा हात सोडला आणि वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडयांवर आडवे झाले. आवाजानं मी भिंतीवरून डोकावलो. मॅडम हात तपासत होत्या, वहिनी कुरडया तपासत होत्या, आणि गुलाबराव आभाळाकडे पाहून म्हणत होते, "डायवरनं ब्रेक लय जोरात मारला."

मला हसू आलं. जुना हिशेब होता, म्हणून मी ते लपवलं नाही. "काय भाऊ, उतरले का फाट्यावर?"

"तू नको बोलू, सुधाकर. तुह्या टोपलीनंच पाय अडून राह्यला माहा."

मी तसाच घरात शिरणार होतो, पण वहिनींनी मला भिंतीशी गाठलं. "भाऊजी, मले काही मोठं मागायचं नाही. जन्मभर यांच्या गाडीत मी एकटी बसली, हे उभे. रिटायर झाल्यावर शेजारी बसून शेगावले नेतो म्हणाले होते. मले खिडकी देतो म्हणाले. आता पायच असे झाले."

माझी गाडी मोकळी होती. उद्याच नेतो म्हणालो, तर अंगणातून ओरडा आला, "भाजीच्या गाडीत मी काय मेथीची जुडी हाव का? माह्या पायानं एसटीची पायरी चढन, तवाच जाईन!"

आता सौदा माझ्या हातात आला. पाइप ते धरत नव्हते, आणि धरल्याशिवाय मॅडम उभं करत नव्हत्या. मी रिकामे क्रेट आणून अंगणात एकावर एक रचले, दोन रांगा, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. म्हणालो, "भाऊ, ही गाडी. हे शीट. शिटाच्या पाठीले हात लावावा लागन."

त्यांनी क्रेट पारखले. "एका बोटानं लावतो."

"पंजा लावा."

"दोन बोटं."

"पंजा. नाही तं क्रेट घेऊन चाललो."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी उजव्या हाताचा पंजा आणि डाव्याची जमतील तेवढी बोटं, यावर सौदा पटला. तेव्हा ते म्हणाले, "पण या क्रेटचं लगेज कोण काढन?" मी क्रेट उचलायलाच निघालो होतो, मॅडमनी आवरलं.

मॅडम हुशार. त्यांनी आपली सगळी भाषाच बदलली. आजारी पायावर भार टाकायचा की म्हणत, "काका, डावं वळण आलं." खांद्याला हलका धक्का देऊन तोल सांभाळायला लावायचा की "खड्डा!" गादीची घडी घालून तिच्यावर उभं करायचं की "वरवटचा रस्ता." एका पायापुढे दुसरा ठेवायचा की "गाडीत गर्दी आहे, अंग चोरून चला." आणि शेवटी दोरीकडे डावा हात उंच करून घंटी. तो हात दोरीपर्यंत काही पोचायचा नाही. डाव्या बाजूनं कोणीतरी सांभाळायला हवं असायचं. वहिनी नाजूक, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी बाजारातून आलो की मी प्याशिंजर.

"पुढं सरका! पुढं गाडी रिकामी हाय!" ते मलाच ओरडत. मी चिडायचो, पण जागा सोडायचो नाही.

त्यांचे पाय खरे सुटले ते मात्र कुल्फीवाल्यामुळे. दुपारची वेळ. गुलाबराव क्रेटच्या रांगेत उभे, वहिनी मला चहा देत होत्या. रस्त्यावरून कुल्फीवाला चालला होता. त्यानं वाजवलं, टण टण. झालं! दोन घंट्या. गुलाबराव निघाले. कशालाही हात न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि फाटकाशी जाऊन थांबले. वहिनींच्या हातून बशी पडली. आम्ही दोघं धावलो, तर ते आम्हालाच म्हणाले, "काऊन, घंटी तुम्हीच मारली ना?"

कुल्फीवाला म्हणाला, "काका, घंटी माही होती."

त्या दिवशी सगळ्यांना कुल्फी मी दिली. भाव मात्र पाडून घेतला.

मॅडमनी धरून चालायची सवय इतक्यात मोडू दिली नाही. कडेला माणूस हवाच, घाई नको, म्हणत राहिल्या. पायरी म्हणून माझ्या ओट्यावर चढउतार झाली, वळायचा सराव झाला. थंडी पडली आणि एका सकाळी त्यांनी हो म्हटलं.

स्टँडवर शेगावची गाडी लागली. वहिनी नव्या लुगड्यात. गुलाबरावांनी आधी चांगला पाय टाकला, मग डावा ओढून घेतला, आणि चढले. मी मागे हात पसरून उभा होतो. माझ्या हाताचं काम पडलं नाही. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "बाबा, दांडा धरा." मी डोळे मिटले. पण ते निमूट वहिनींजवळ गेले, त्यांना खिडकी दिली आणि शेजारी बसून वहिनींचा हात धरला. म्हणाले, "हा चालते ना, बाई?"

गाडी वरवटच्या रस्त्याला लागली. मी मागच्या शिटावर. फाटा जवळ आला तशी माझी मान आपोआप दुसरीकडे वळली.

"सुधाकर," ते पुढं पाहूनच बोलले. "त्या दिवशी मांगून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरले मी पुढच्या स्टँडवरून मांगच्या स्टँडवर फोन करून निरोप धाडला होता. फाट्यावर टोपलीवालं पोट्टं उभं हाय, घेऊन ये, तिकीट मी देतो. थो गाडी उभी करून हॉर्न मारत बसला. तू कोठी गेला होता बे?"

मी म्हणालो, "धुऱ्यानं."

"धुऱ्यानं," ते म्हणाले. "मले वाटलं, आता याले कुठं शोधाव."

ते उठले. माझ्या खांद्यावर उजवा पंजा ठेवला, पूर्ण पंजा, आणि डावा हात वर करू लागले. हात इंचाइंचानं चढला, दोरीला लागला. एक घंटी. नेमक्या फाट्यावर गाडी थांबली.

"कोणाला उतरायचं आहे?" ती मुलगी ओरडली.

"उतरायचं कोणालेच नाही, बाई," गुलाबराव म्हणाले. "एक प्याशिंजर घ्याचा राह्यला होता."

गाडीतल्या लोकांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. मग गुलाबरावांनी दोरी दोनदा ओढली.