केळीची बॅटरी आणि उडदाचा गोळा

केळीचा खांब कापला की पाणी झरतं. ते धोतराला लागलं, तर डाग धोतरासोबतच जातो.

गेल्या उन्हाळ्यात सुकलालची ई-रिक्षा लोधीपुऱ्यात उभ्या उभ्या पेटली. आधी बॅटरी फुगली, मग धूर, मग सुकलाल रस्त्याच्या पलीकडे.

उडदाच्या पापडात खार नसेल तर पापड फुलत नाही.

ढग पाहता पाहता निरंजनचा चहा रोज गार होतो.

हे सगळं एका गच्चीवर एकत्र आलं. निरंजन शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि सुकलाल त्याचा मेहुणा. रिक्षा जळाली तेव्हापासून निरंजनला एकच स्वप्न: पेटणार नाही अशी बॅटरी, आणि मावाजिलेबीची प्लेट संपेपर्यंत पूर्ण चार्ज होणारी. स्वप्नात तापीकाठच्या केळीबागा आतून उजळत आणि सुकलाल त्यांच्यामधून आवाज न करता रिक्षा नेई. जागेपणी निरंजन केळीच्या खांबाचा कोळसा जाळीवर थापायचा, दोन थरांमध्ये कापड घालायचा आणि ते केळीच्याच राखेच्या खारट पाण्यात भिजवायचा. दिवा लागायचा. मग पाणी गळायचं आणि दिवा विझायचा.

आई मालूबाईंनी वर्षभर सोसलं. आता पापडाचे दिवस आले. त्यांनी सांगून टाकलं, की रविवारी बाया लाटायला येतील. त्यांच्यादेखत दिवा लागला आणि चहा संपेपर्यंत टिकला तर गच्ची तुझी, नाहीतर हे काळं सामान भंगारात.

रविवारी बाया आल्या, शेजारच्या सोजरबाई सगळ्यांच्या आधी. निरंजनने फडताळातली बरणी काढली. रिकामी.

"आई, यातलं पाणी?"

"पीठ भिजवलं ना त्यात." मालूबाई पोळपाट पुसत होत्या. "बोट लावून पाह्यलं, खारच होता. केळीचा खार तुझा वेगळा न् माझा वेगळा, असं ऱ्हातं का कुठे?"

नवं पाणी करायचं म्हणजे राख भिजवा, गाळा, आटवा. निरंजन जिन्याच्या तोंडाशी ढग पाहत उभा राहिला. ढग मळलेल्या पिठासारखा होता, गोल आणि जड. त्याला वाटलं, पाणी पिठात गेलं, तर आता पीठच पाणी. जिन्याजवळच्या पितळी पातेल्यातून त्याने हळूच एक गोळा उचलला, कापडाऐवजी तोच पातळ लाटून काळ्या थरांमध्ये घातला आणि चार्जर लावला.

बायांचा अर्धा कप होईतो बॅटरी भरली. दिवा लागला. गळलं नाही, फुगलं नाही. चहा संपला, कप विसळून झाले, पहिले पापड कडेने सुटू लागले, दिवा होताच. मालूबाईंनी दिव्याकडे पाहत पुढचा गोळा घेतला.

निरंजनने गप्प राहायला हवं होतं. पण त्याने कोणी न विचारता सांगितलं, की ही कमाल पिठातल्या त्याच्या पाण्याची.

सोजरबाईंचं लाटणं थांबलं. "म्हणजे मालूबाई, आज आम्हाला बॅटरी लाटायला बोलावलं का तुम्ही? उद्या जावई खाईल न् भडकेल."

"भडकणार नाही, मावशी. तेच तर सांगतो. बिल्कुल सेफ आहे."

"मग खाऊन दाखव ना, भाऊ."

पापड भाजले गेले. प्रत्येकीला आपण लाटलेलाच तपासून हवा होता, आणि कोणालाही नाही म्हणणं शक्य नव्हतं. निरंजन खात गेला. बायको कविता तांब्या भरत गेली. शेवटी तो भिंतीला टेकून बसला, तेव्हा बाया खात्री पटून पुन्हा लाटू लागल्या होत्या.

सुकलाल आला, दिव्याभोवती एक चक्कर मारली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दाजी, माझ्या रिक्षाला किती पापड लागतील?"

निरंजनने डोळे मिटले. केळीच्या बागेतून रिक्षा चालली होती, टपावर पापड वाळत होते.

"गच्ची तुझी," मालूबाई म्हणाल्या. "वर्षभर त्या पाण्यासाठी काळा झालास, पाणी कामाला आलं."

जिन्याजवळचं पितळी पातेलं सोजरबाईंचं होतं. त्या आपलं पीठ घरूनच मळून आणतात, बाजारचा खार घालून. मालूबाईंच्या खारावर त्यांचा भरवसा नाही.