एक अपडेट बाकी

गजभिये सर कोणी भेटलं की 'बरा आहेस का' असं विचारत नसत. 'किती?' असं विचारत. दुसरा माणूस गोंधळायचा, मी नाही. मी शाळेचा क्लार्क, आणि शाळेची वेबसाइट माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून चालायची. वेबसाइटचे किती अपडेट बाकी आहेत, एवढंच त्यांना हवं असायचं.

आमची शाळा अड्याळजवळची. गोंदिया वेगळा होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ऑफिसच्या भिंतीवर नकाशा जुन्या, अख्ख्या भंडारा जिल्ह्याचाच होता. त्याचं सरांना काही नव्हतं. वेबसाइट मात्र एक दिवसही मागे राहता कामा नये.

सर गणिताचे. रिटायर झाल्यावर आपलं आपण शिकून त्यांनी ही वेबसाइट उभी केली. घर शाळेच्या मागेच. रोज दहाला येऊन माझ्या खुर्चीत बसायचे, मी उभा. स्क्रीनच्या कोपऱ्यातला लाल आकडा पाहायचा, चष्मा पुसून पुन्हा पाहायचा, वहीत लिहायचा आणि मग एकेक अपडेट करायला घ्यायचं.

"सगळे एकदमच करून टाका ना सर," मी एकदा म्हणालो. एका बटणाचं तर काम होतं.

"काहून? धानाच्या सगळ्या बांध्यांत एकदमच पाणी सोडतोस का तू? एक भरू दे, मंग दुसरीत सोड."

माझी कोंढ्याला तीन एकर धानाची शेती, त्यामुळे गप्प बसावं लागलं.

अपडेट चालू असताना पंखा बंद. कारण एकदा मी पंखा लावला आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. अपडेट अर्धवट राहिलं आणि दोन दिवस वेबसाइटवर 'काम चालू आहे, नंतर या' एवढंच दिसत होतं. एका पालकानं ते वाचून पोराला दोन दिवस शाळेत पाठवलंच नाही. तेव्हापासून विजेची घंटाही बंद झाली. अपडेट संपेपर्यंत तास बदलायचा नाही. खेळाच्या तासाला पोरं खिडकीशी येऊन विचारायची, "सर, अजून बाकी हायत ना?"

एक अपडेट मात्र ते कधीच करत नसत. बाकीचं सगळं झालं तरी कोपऱ्यात लाल 'एक' उरायचाच. मी विचारलं की म्हणायचे, "त्याले राहू दे." मला वाटायचं, म्हातारा भ्यायला. टपरीवर चहा पिताना मी त्यांची नक्कलही करायचो.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाहत जा रोज."

मग नव्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मावलं, "एकही बाकी नको. संध्याकाळपर्यंत मला शून्य दाखवा."

मी खुशीत खुर्चीवर बसलो. बटणावर बोट ठेवणार, तर वर सूचना होती: हे अपडेट केल्यावर जुने अभिप्राय दिसणार नाहीत. कसले अभिप्राय म्हणून मी ते पान उघडलं. सगळ्यात पहिला सुशीला गजभिये यांचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा. मोबाइलवरून टाकलेला.

'वेबसाइट चांगली झाली. मी केव्हाची आवाज देऊन राहिली. भात थंडा झाला. जेवाले या.'

खाली सरांचं उत्तर होतं. 'दोनच अपडेट राहिले. येतो.'

काकू त्याच वर्षी गेल्या होत्या. टपरीवरच्या नकला आठवून मला माझीच लाज वाटली. पंखा बंद करून मी तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी बाईंना तेच पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "एक राहिला तर चालतं."

अजूनही रोज सकाळी दहाला नागपूरहून फोन येतो.

"किती?"

"एक, सर."

"बरं," सर म्हणतात. "मंग जेवाले बसतो."