घाटचौकी उठवली त्याची हकिकत

श्री. सांगणाऱ्याची जीभ अडखळू नये आणि ऐकणाऱ्यास डुलकी लागू नये. शके १९६६, रक्ताक्षी नाम संवत्सरे, फाल्गुन वद्य द्वितीया.

कलिंगडे बाजारात उतरली. झेंड्यांचे कापड संपले. सगुणा तांबटीण लेकीस बोलली, "रेवू, पातेलं गिऱ्हाइकास देऊन ये, उन्हात रेंगाळू नको." मिरवणुकीच्या वाटेवर माणसे विरळ दिसतात म्हणोन कारभारी घाबरे जाहले. घाटात टळटळीत दुपार.

त्या राज्याची चाल ऐसी की दर पाच वर्षांनी राज्यकर्त्यांनी रयतेपुढे हात जोडावे आणि कौल मागावा. तो हंगाम भरात होता आणि रक्षणप्रधान राजश्री अमृतराव घोरतळे यांची मिरवणूक निघाली होती आणि ती रिती दिसता कामा नये, मग प्रधानांनी हुकूम केला की घाटचौकीचे शिपाई उठवावे, वर्दी उतरवावी, साधी पागोटी बांधावी आणि रयत म्हणोन रस्त्याच्या दुतर्फा उभे करावे. चौकीचे हवालदार गोंदजी पालव बोलिले, "साहेब, घाट उघडा पडेल." प्रधान हसोन बोलिले, "घाट काय पळून जातो, हवालदार? एक दिवस आमच्या नावानं घसा फोडा." आणि शिपायांनी जयजयकार केला आणि फुले उधळली, आणि त्याच समयी शत्रूचे हत्यारबंद मारेकरी घाट उतरोन बाजारात शिरले, आणि बार जाहले, आणि बहुत माणूस पडले, आणि त्यांत रेवू पडली.

मग प्रधान मांडवात उभे राहोन रडले, आणि रडोन जाहल्यावर शत्रूस दम दिला, आणि टाळ्या जाहल्या. मग त्यांचे कारभारी सगुणाबाईच्या दारी आले.

"बाई, साहेब स्वहस्ते शाल देणार. पुढच्या रांगेत बसायचं, एवढंच."

"बसते. आधी सांगा, चौकीवरली माणसं कोणी उठवली?"

"ही वेळ राजकारणाची नव्हे, बाई."

"मग हे मांडव कशाचे घातलेत? बारशाचे?"

ते गेले आणि विरुद्ध पक्षाचे सरदार आले आणि बोलिले, "आम्हांस कौल द्या, मग शोधून काढतो." सगुणाबाई बोलली, "तुमच्या अमदानीत पुलावर माणसं मेली, ते शोधून झालं का?" सरदारांनी पान तोंडात घातले आणि ते उठले.

मग चौकशी बसली आणि गोंदजीस पुढे बोलाविले.

"चौकी सोडून कोठे होता?"

"हुकमाने मिरवणुकीत, माझ्या शिपायांसह."

"मिरवणुकीच्या तसबिरी पाहिल्या. शिपाई एकही नाही, अवघी रयत आहे."

"ती रयत आम्हीच, महाराज."

"म्हणजे साहेबांच्या मिरवणुकीस लोक आले नव्हते, ऐसे म्हणतोस?"

मग निवाडा जाहला की हवालदार चौकी सोडोन उनाडत होता, सबब वर्दी काढून घ्यावी. प्रधानांविषयी ऐसे ठरले की कौलाच्या हंगामात प्रधानाने पद सोडणे म्हणजे शत्रूस साखर वाटणे.

मग शेवटली सभा भरली आणि सगुणाबाई आपण होऊन गेली आणि पुढल्या रांगेत बसली आणि प्रधान शाल घेऊन खाली उतरले तेव्हा उभी राहिली. बोलली, "साहेब, शाल राहू द्या. चौकीवरली माणसं कोणी उठवली, तेवढं सांगा." प्रधानांनी मागे पाहिले आणि मांडवातून एकच जयजयकार उठला आणि बाईचा शब्द त्यात बुडाला. तिच्या शेजारी एक गडी साधे पागोटे बांधोन सर्वांत मोठ्याने ओरडत होता. तिने त्याचे तोंड पाहिले. रेवूस उचलोन घरी आणणाऱ्यांत हा घाटचौकीचा शिपाई होता. तिने त्याचे मनगट धरिले.

"लेका, आज चौकीवर कोण आहे?"

त्याने ओरडणे थांबविले आणि मान खाली घातली. बाकीचे ओरडत राहिले. शाल तिच्या खांद्यावर पडली आणि तसबीर निघाली.

एवंच, कौल प्रधानांस मिळाला आणि मागल्याहून थोर मिळाला. गोंदजी गावी गेले. सगुणाबाईस उत्तर मिळाले नाही.

मारेकरी घाट उतरताना रिकाम्या चौकीत थांबले होते आणि रांजणातले पाणी प्याले होते.